रगत कशाले लेतस?

पिंपळनेरच्या पश्चिमेला साक्री तालुक्याची सपाट शेती संपत जाते आणि डोंगर सुरू होतात. तिथून पुढे नवापूरपर्यंत आणि हद्दीपलीकडे गुजरातेत कोकणी, मावची, भिल्ल यांची गावं आहेत. या गावांतलं एखादं पोर सारखं अंग दुखतं म्हणून रडत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, पाणथरी वाढली असेल, तर डॉक्टर आधी सिकलसेलची तपासणी सांगतात. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडायचा आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात का ते पाहायचं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची एचपीएलसी तपासणी. त्यात कळतं की माणूस ‘एएस’ म्हणजे वाहक आहे की ‘एसएस’ म्हणजे रुग्ण.

अशा शिबिरांना जाणारी एक लॅब टेक्निशियन सांगते की एका म्हाताऱ्या बाईनं बोट पुढे करण्याआधी तिला विचारलं, “रगत कशाले लेतस?” तिनं ठरलेलं उत्तर दिलं, आजार कळावा म्हणून. म्हातारी म्हणाली, मागेही कोणी येऊन रक्त नेलं होतं, काय निघालं ते कोणी सांगायला आलं नाही.

ही गोष्ट तिनं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या सरांना सांगितली. सर आता निवृत्त आहेत, पिंपळनेरलाच राहतात. त्या एका प्रश्नावरून गुरू-शिष्यांत जो वाद सुरू झाला, तो पुढे अनेक बैठका चालला. माणसाच्या जनुकांमागे लागणाऱ्या शास्त्रज्ञाला नेमकं काय हवं असतं? हा वाद तिच्यासाठी पुस्तकी नाही. ती कोकणी समाजातली आहे, स्वतः एएस आहे आणि तिचे दोन्ही भाऊ एसएस.

सरांचं उत्तर तयार होतं. “कुतूहल, बेटा. त्याशिवाय माणूस वीस-वीस वर्षं एका रेणूमागे लागत नाही.” आणि त्यांनी सिकलसेलचाच इतिहास उलगडायला घेतला. 1910 साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याचं प्रसिद्ध केलं. असं का होतं, हे त्यांना सांगता आलं नाही. 1945 मध्ये एका समितीच्या कामात विल्यम कॅसल या डॉक्टरांनी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना सहज सांगितलं की या रुग्णांच्या पेशी प्राणवायू कमी झाला की वाकतात. पॉलिंग यांच्या डोक्यात लगेच आलं की दोष पेशीत नसून आतल्या हिमोग्लोबिनमध्ये असला पाहिजे. 1949 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो दाखवून दिला. रेणूच्या पातळीवर उलगडलेला हा पहिला आजार. मग केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी 1956-57 मध्ये नेमका बदल शोधला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात, त्यातलं फक्त सहावं बदललेलं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. “146 मधलं एक! आणि तेवढ्यानं तुझ्या भावाची मांडी रात्रभर ठणकते. हे कळल्यावर ज्याला झोप लागेल तो शास्त्रज्ञ नव्हे.”

“सर, तुम्ही गोष्ट नेहमी पाहणाऱ्याच्या बाजूनं सांगता,” ती म्हणाली. “ज्याचं रक्त पाहिलं तो कोण होता?”

तो होता वॉल्टर क्लेमेंट नोएल. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून 1904 साली दंतवैद्यक शिकायला शिकागोला आलेला तरुण. हेरिक यांच्या लेखात त्याचं नाव नाही. शिक्षण पुरं करून तो मायदेशी परतला, दाताचा दवाखाना चालवला आणि 1916 मध्ये न्यूमोनियानं गेला. वय अवघं 32. हेरिक यांनी आजार नोंदवला खरा, पण नोएलला त्याचा काही उपयोग झाला नाही. त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक दशकं कोणाला झाला नाही.

इथे सरांनी ॲलिसन यांचं नाव काढलं, कारण त्यांच्या मते सिकलसेलच्या कथेतलं सर्वांत सुंदर पान त्यांचं आहे. अँथनी ॲलिसन केनियात वाढले, लहानपणी स्वतः मलेरियानं आजारी पडले. पुढे त्यांच्या लक्षात आलं की जिथे मलेरिया जास्त तिथे सिकलसेलचे वाहकही जास्त. जीवघेणा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा, या कोड्याचं उत्तर त्यांनी 1954 मध्ये मांडलं. ज्याला दोन्ही पालकांकडून हा जनुक मिळतो तो आजारी पडतो, पण ज्याला एकच मिळतो त्याला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण असतं. म्हणून जंगलपट्ट्यात हा जनुक टिकला. सातपुड्यापासून सह्याद्रीच्या या टोकापर्यंत तो का सापडतो, याचं उत्तरही तेच.

“हे मी शिबिरात सांगते,” ती म्हणाली. “लोकांना बरं वाटतं. शाप नाही, वाडवडलांनी मलेरियातून वाचून मागे ठेवलेली खूण आहे, असं म्हटलं की बाया ऐकतात. पण ॲलिसननं ते सिद्ध कसं केलं, तेही सांगा ना.”

सरांना सांगावं लागलं. ॲलिसन यांनी लुओ जमातीची तीस माणसं घेतली. पंधरा वाहक, पंधरा वाहक नसलेली. सगळ्यांच्या शरीरात मलेरियाचे जंतू सोडले. वाहक नसलेल्या पंधरापैकी चौदांच्या रक्तात जंतू वाढले, वाहकांपैकी फक्त दोघांच्या. कागदोपत्री ते सगळे स्वयंसेवक होते.

“तेव्हा केनियात इंग्रजांचं राज्य होतं,” एवढंच ती म्हणाली.

तिच्याकडे याहून ताजं उदाहरण होतं. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. 1990 पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनियाच्या आणि जमात मुळात कुठून आली याच्या अभ्यासासाठी वापरले गेले. आपण या दरीतच जन्मलो, अशी हवासुपाईंची श्रद्धा. त्यांना न विचारता त्यांच्याच रक्तातून त्यांना खोटं ठरवण्यात आलं. त्यांनी दावा लावला. 2010 मध्ये विद्यापीठानं सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

कुतूहल हीच प्रेरणा असेल तर तिला कुंपण कोण घालणार, हा तिचा मुद्दा. तो खोटा म्हणता येणार नाही.

पण सरांचीही बाजू तुटलेली नव्हती. त्यांनी मुंबईचं उदाहरण दिलं. केईएम रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे असे रुग्ण आले की त्यांना कोणत्याच गटाचं रक्त जुळेना, ओ गटाचंही नाही. गरज तातडीची होती, माणूस समोर होता. त्याच खटपटीतून 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद झाली. जगभर तो आजही बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. “आता सांग, भेंड्यांना कुतूहल होतं की कळवळा? रक्त जुळत नाही हे डॉक्टरला कळलं, आणि का जुळत नाही हे शास्त्रज्ञाला विचारावंसं वाटलं. माणूस एकच.”

काही वेळा माणूस एकच असतो तसं घरही एकच असतं. नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हंटिंग्टन हा आनुवंशिक मेंदूविकार होता, म्हणजे मुलीला तो होण्याची शक्यता निम्मी. 1979 पासून त्या वर्षानुवर्षं व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांत जात राहिल्या, कारण तिथे या आजाराची मोठमोठी कुटुंबं होती. तिथल्या लोकांनी दिलेल्या रक्तावरून 1983 मध्ये जनुकाचा माग लागला आणि 1993 मध्ये जनुक सापडला. 2020 मध्ये वेक्सलर यांनी जाहीर केलं की आजार त्यांनाही झाला आहे. हे उदाहरण ऐकून टेक्निशियन बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, त्या सरोवराकाठच्या लोकांना औषध मिळालं का? आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून कोणालाच मिळालेलं नाही.

पैशाची प्रेरणा दोघांनीही फार वेळ चघळली नाही. मिरियड कंपनीनं स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या दोन जनुकांवर पेटंट घेऊन तपासणी आपल्याच हातात ठेवली होती. 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निसर्गतः असलेल्या डीएनएवर पेटंट मिळणार नाही असा निकाल दिला. यावर गुरू-शिष्यांचं एकमत होतं.

खरी ठिणगी पडली ती लग्नावरून.

दोघेही एएस असलेल्या नवराबायकोच्या प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून शिबिरात सांगितलं जातं की लग्न ठरवताना तपासणीचं कार्ड पाहा, एएसनं एएसशी लग्न टाळा. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. 17 राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. सरांना हा विज्ञानाचा विजय वाटतो. एका रेणूच्या शोधातून गावपातळीवरच्या कार्डापर्यंत आलो, असं ते म्हणतात.

“कार्ड कोणाचं पाहतात, माहीत आहे?” तिनं विचारलं. “पोरीचं. पोराच्या घरचे पोराचं कार्ड पेटीत ठेवतात आणि पोरीकडचं मागतात. माझं स्थळ एकदा त्यावरूनच परत गेलं. त्या घरच्या पोराची तपासणीच झालेली नव्हती.”

हे साक्रीपुरतं नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात सिकलसेलचं प्रमाण फार होतं. तिथे संशोधकांनी सगळ्या गावाची तपासणी करून लग्नाआधीचा सल्ला दिला. काही वर्षांनी पाहिलं, तर वाहकांनी आपण वाहक असल्याचं लपवलेलं होतं, त्यांच्यावर शिक्का बसला होता, आणि वाहक-वाहक लग्नांचं प्रमाण सल्ल्याविना योगायोगानं जेवढं असतं तेवढंच राहिलं होतं. हे 1970 च्या दशकातलं. सरांना हा दाखला ठाऊक नव्हता, त्यांनी तो दोनदा सांगायला लावला.

आणि मग तिनं सरांच्या पॉलिंगना पुन्हा बोलावलं. हिमोग्लोबिनचा दोष शोधणाऱ्या त्याच पॉलिंग यांनी 1968 मध्ये लिहिलं होतं की सिकलसेलचा जनुक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू दुःख कमी करण्याचा होता, यात शंका नाही. “माझ्या कपाळावर, सर.”

इथे या लेखाला स्वतःचं मत द्यावंसं वाटतं. मानवी आनुवंशिकीला प्रेरणा देणाऱ्या गोष्टींत ‘माणसाची जात सुधारण्याची’ इच्छा ही एक फार जुनी आणि फार सभ्य चेहऱ्याची इच्छा आहे, आणि मराठी वाचकाला तिची ओळख एका अगदी आपल्या माणसामुळे होते. ‘युगान्त’मुळे घराघरांत पोचलेल्या इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तिथे नुकत्याच उघडलेल्या मानववंश, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजायचा होता, आणि हा फरक वंशागणिक बदलेल, युरोपीय माणसाची कवटी वेगळी निघेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजलं. वंशाप्रमाणे तसा फरक मिळाला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. त्याच संस्थेतल्या तज्ज्ञांनी पुढे नाझी राजवटीच्या सक्तीच्या नसबंदीला वैज्ञानिक आधार पुरवला. परदेशी गेलेली एक विद्यार्थिनी, समोर बलाढ्य मार्गदर्शक, आणि तरी आकडे जे म्हणतात तेच कागदावर! कुतूहलाची ताकद कुठे असेल तर ती इथे आहे. सरांच्या बाजूनं याहून मोठा पुरावा नाही.

सरांनी तो पुरावा दिलाही. टेक्निशियननं मान्य केला. फक्त एवढंच विचारलं, ज्यांच्या कवट्या मोजल्या त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं होतं का? युरोपातल्या संग्रहांत वसाहतींमधून नेलेल्या कवट्याही होत्या.

प्रत्येक उदाहरणात ती देणाऱ्याकडे पाहते आणि सर शोधणाऱ्याकडे. पण एका नावावर दोघंही थांबतात. पुण्याचे डॉ. सुदाम काटे. महाराष्ट्रातल्या आदिवासींतला सिकलसेल हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत ते गेले, रक्त तपासलं, आणि भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकार या समाजांत या जनुकाच्या वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्क्यांपर्यंत असल्याचं मांडलं. आदिवासींचं दुखणं ‘अंगदुखी’ म्हणून परत पाठवलं जात होतं, त्या काळात या आकड्यांनी सरकारी यंत्रणेला जागं करायला मदत केली. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सर म्हणतात, प्रमाण किती हे जाणून घेण्याचं कुतूहल नसतं तर काटे गेलेच नसते. ती म्हणते, एकदा जाऊन प्रमाण कळलं असतंच, ते पुन्हा पुन्हा कशाला गेले?

पुढच्या बैठकीत सर हुकुमाचं पान घेऊन आले. स्पेनच्या समुद्रकाठी सांता पोला इथे मिठागरं आहेत. तिथल्या खारट पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा का येते, हे कोडं फ्रान्सिस्को मोहिका यांनी 1990 च्या दशकात धरलं आणि सोडलं नाही. कोणत्याही आजाराचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यातून पुढे क्रिस्पर हे जनुक कापण्याचं तंत्र निघालं. 2019 मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या सिकलसेलच्या रुग्ण महिलेवर ते वापरलं गेलं आणि 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेनं या उपचाराला मान्यता दिली. “मिठागरातला जंतू! त्या माणसाला कोणी म्हणालं असतं, आधी समाजोपयोगी काम कर, तर हे झालं असतं का?”

“किंमत सांगा.”

अमेरिकेत 22 लाख डॉलर. शिवाय आधी केमोथेरपी देऊन जुनी अस्थिमज्जा काढून टाकावी लागते, रुग्णालयात आठवड्यांमागून आठवडे काढावे लागतात. तिच्या भावांना आज जे मिळतं ते हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल आणि फॉलिक ॲसिडची गोळी. कॅप्सूलनं ठणक्याच्या वेळा कमी होतात, हे तिनं घरातच पाहिलं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेनं सिकलसेलसाठी देशी बनावटीचा क्रिस्पर उपचार जाहीर केला. त्याला ‘बिरसा 101’ असं बिरसा मुंडांचं नाव दिलं आहे आणि तो कमी खर्चात आणण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. तिला नाव आवडलं. साक्रीच्या एसएस पोराचा नंबर केव्हा लागेल, हे तिनं विचारलं. सरांकडे उत्तर नव्हतं.

मग तिनं स्वतःचा प्रश्न काढला, जो ती कित्येक दिवस मनात ठेवून होती. “आई एक, बाप एक, दोघे भाऊ एसएस. मोठा दोन-तीन महिन्यांनी ॲडमिट होतो. धाकटा क्रिकेट खेळतो. असं का?”

सर खुलले. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. 1948 मध्ये जॅनेट वॉटसन या डॉक्टरांनी पाहिलं की सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही, आणि त्यांनी अंदाज केला की गर्भातलं हिमोग्लोबिन त्यांना वाचवत असावं. काहींच्या शरीरात ते मोठेपणीही बऱ्यापैकी तयार होत राहतं. भारतीय रुग्णांत ते अनेकदा जास्त आढळतं, पण सगळीकडे सारखं नाही. दक्षिण गुजरातच्या आदिवासींत आजार बहुधा सौम्य, तर विदर्भातल्या अनेक रुग्णांत तीव्र, असं मुंबईच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. जोडीला अल्फा थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराचा जनुक असेल तरी त्रास बदलतो. 2023 चा तो महागडा उपचारही याच वाटेनं जातो, गर्भातल्या हिमोग्लोबिनचं बंद झालेलं बटण पुन्हा चालू करून. “बघ, वॉटसनबाईंनी जे विचारलं तेच तू विचारते आहेस. आता सांग, हा प्रश्न तुला कुतूहलानं पडला की भावापायी?”

“मला उत्तर हवंय,” ती म्हणाली. “आणि आमच्याच भागात अभ्यास व्हावा असं वाटतं. मी रक्त गोळा करीन. पण कागदावरची संमती कोकणीत नाहीतर अहिराणीत वाचून दाखवायची. निकाल घरी नेऊन सांगायचा. आणि एका प्रश्नासाठी घेतलेलं रक्त दुसऱ्या प्रश्नासाठी वापरायचं असेल, तर पुन्हा येऊन विचारायचं.”

“आणि तो नाही म्हणाला तर?”

“तर नळी परत.”

सरांना हे अजून पटलेलं नाही. पंधरा वर्षांनी कोणाला कोणता प्रश्न सुचेल ते आज सांगता येत नाही, साठवलेल्या नमुन्यांतूनच नवे शोध लागतात, आणि प्रत्येक वेळी पाडा-पाडा फिरून विचारायचं म्हटलं तर काम उभंच राहणार नाही, असं ते म्हणतात. त्या तीस लुओ माणसांपुढे असा कागद वाचला असता तर मलेरियाचा संबंध कळायला किती वर्षं गेली असती, याचा विचार कर, असंही त्यांनी तिला सांगितलं.

“गेली असती तेवढी,” ती म्हणाली.